फिडलची ट्यून बँजोवर बसवताना काय सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच तारांच्या बँजोवर वर्षभर क्लॉहॅमर पद्धतीने वाजवायला शिकताय, टॅबवरून (कोणत्या तारेवर बोट कुठे ते लिहिलेल्या कागदावरून) दहा-बारा ओल्ड-टाइम ट्यून्स, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या नाचाच्या धुना, पाठ केल्यात, घरी त्या नीट वाजतात. पण जॅमला (सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायच्या बैठकीला) गेलात आणि फिडलवाल्याने (फिडल म्हणजे व्हायोलिनच) त्यातलीच एखादी सुरू केली की दुसऱ्या ओळीतच हात थांबतो. टॅब सोडून कानाने शिकायचं कसं, आणि फिडलचा प्रत्येक सूर बँजोवर यायलाच हवा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, यायला नको. हे एकदा मनापासून पटलं की कानाने शिकणं निम्म्याने सोपं होतं. मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, इथल्या जॅममध्ये बरीच वर्षं वाजवतोय, नव्या मंडळींना शिकवतोही. टॅबवरून आलेले लोक अडकतात ते सूर कमी पडतात म्हणून नाही, फार होतात म्हणून. टॅब म्हणजे कोणा एकाने एकदा वाजवलेला एक प्रकार. जॅममधला फिडलवाला तो वाजवत नसतो. त्याने ट्यून ज्याच्याकडून उचलली त्याची वळणं वेगळी, आणि तिसऱ्या आवर्तनात ती तो स्वतःच बदलणार. तुमचे पाठ केलेले सूर आणि त्याचे त्या क्षणी सुचलेले सूर एकमेकांना आडवे येतात. त्यात तुम्ही चुकलात असं काहीच नसतं, पण तुम्हाला वाटतं चुकलं, आणि तुम्ही थांबता.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करून ठेवतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत बँजो पार्टी वाजवते तो बँजो वेगळा, तो बुलबुलतरंगाच्या कुळातला, बटणांचा. इथला बँजो म्हणजे गोल कड्यावर ताणलेलं चामडं (हल्ली बहुधा प्लास्टिक), लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मधेच, पाचव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरचा पडदा). सतारीच्या चिकारीचं काम ही तार करते. क्लॉहॅमरमध्ये तर्जनी किंवा मधल्या बोटाचं नख तारेवर वरून खाली आपटायचं आणि अंगठ्याने ती आखूड तार सोडायची. अर्ल स्क्रग्जमुळे १९४५ नंतर प्रसिद्ध झालेलं तीन बोटांचं ब्लूग्रास वादन हे नव्हे. तिथे एकेक जण पाळीपाळीने पुढे येऊन चमकतो, इथे सगळे एकदम वाजवतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

खाली आपटणारं नख आणि आखूड तारेवरचा अंगठा ही जोडी पश्चिम आफ्रिकेतून आली. सेनेगल-गांबिया भागातल्या जोला लोकांचं अकॉन्टिंग आजही याच तऱ्हेने वाजवतात. गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेच्या भूमीवर बँजो घडवला, युरोपातून आलेलं फिडलही हाती घेतलं, आणि नाचासाठी ही दोन वाद्यं शेजारी बसली. ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत घराघरात होती. इथल्याच मेबेन गावचे जो थॉम्पसन (१९१८–२०१२) फिडल वाजवायचे आणि त्यांचे चुलतभाऊ ओडेल बँजो. आजची गायिका आणि बँजोवादक ऱ्हियानन गिडन्स आणि तिचे साथी जो यांच्या घरी जाऊन, समोर बसून शिकले. जो आणि ओडेल ही जोडी कधी ऐका. बँजो फिडलच्या मागे धावत नाही, तो तिच्या पायाखाली जमीन धरतो. नाचणाऱ्याचे पाय बँजोवर पडतात.

आता लयीकडे येऊ, कारण सगळं गणित इथेच आहे. ओल्ड-टाइम ट्यूनचा साचा बहुतेक वेळा ठरलेला असतो: अ भाग आठ बार (एका बारात दोन ठोके), तो दोनदा, मग ब भाग आठ बार, तोही दोनदा. पायाने ठेका धरलात तर एका आवर्तनात चौसष्ट ठोके पडतात. नाचाची लय मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांची, म्हणजे एक आवर्तन जेमतेम पस्तीस सेकंदांत संपतं. आता एका ठोक्याचे चार समान भाग करा. फिडलवाला मनात आणलं तर या चारही भागांत सूर भरतो. तुमच्या क्लॉहॅमरचा मूळ ठेका, ‘बम-डि-टी’, मात्र असा पडतो: पहिल्या भागावर बम, म्हणजे ट्यूनचा सूर; दुसरा भाग रिकामा; तिसऱ्यावर डि, म्हणजे तारांवरून नखाचा झटका; चौथ्यावर टी, म्हणजे अंगठा आणि आखूड तार. आणि फिडलच्या गजाचा सगळ्यात साधा ठेका कोणता? एक लांब, दोन आखूड. तोच साचा. गज आणि तुमचा पंजा मुळात एकच गोष्ट बोलत असतात. म्हणून फिडलकडून काही उचलायचं असेल तर आधी गजाचा हात उचला, डाव्या हाताची बोटं नंतर.

दुसऱ्या भागाची ती रिकामी जागा फार मोलाची आहे. हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर बोट आपटून वरचा सूर काढणं), पुल-ऑफ (दाबलेलं बोट ओढून सोडत खालचा सूर काढणं), सरकता सूर, किंवा अंगठा आखूड तार सोडून आतल्या तारेवर टाकणं, हे सगळं पहिल्यांदा तिथेच येतं. नवशिके ती जागा कायम भरून टाकतात. जुने लोक ती बहुतेक वेळा रिकामी ठेवतात, म्हणून भरली की कानाला कळते.

सुरांच्या जुळणीत मात्र मराठी माणसाला थोडी आघाडी आहे, आणि ती सोडू नका. हार्मोनियम किंवा गाण्याचं थोडं शिक्षण झालं असेल तर ट्यूनिंगकडे इंग्रजी अक्षरांऐवजी सरगममधून पाहा. चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत घेऊ. जी मधलं (म्हणजे सा जी या स्वरावर) नेहमीचं ट्यूनिंग म्हणजे प सा ग प, आणि आखूड तार सा. दुसऱ्या फ्रेटला कॅपो (लांब तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की तेच ए मध्ये. डी मधल्या ट्यून्ससाठी ‘डबल सी’ला कॅपो लावून ‘डबल डी’ करतात: सा प सा रे, आखूड तार प. तिसरं ‘सॉमिल’: प सा म प, आखूड तार सा. या तीन जुळण्यांवर जॅममधल्या बहुतेक ट्यून्स निघतात. सॉमिलमध्ये गंधार नाही हे लगेच डोळ्यांत भरतं, आणि त्यामागे कारण आहे. ‘क्लक ओल्ड हेन’सारख्या ट्यूनमध्ये जुना फिडलवाला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावतो. उघड्या तारेवर शुद्ध गंधार सतत वाजत राहिला असता तर तो सूर मेला असता. तुमच्या बँजोला फ्रेट आहेत, तर तिसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा कोमल गंधार धरा आणि तार बोटाने किंचित खेचा. चौथ्या फ्रेटपर्यंत पोचू देऊ नका. बिनफ्रेटच्या बँजोवर हे काम बोट आपोआप करतं.

‘एंजेलीन द बेकर’ घ्या, जॅममध्ये ही हमखास येते. तिचं मूळ अमेरिकन गीतकार स्टीफन फॉस्टरच्या १८५० सालच्या गाण्यापर्यंत जातं, पण फिडलवाल्यांनी घासून-घासून तिचं पार वेगळं काहीतरी केलंय. तिचे स्वर सांगतो: सा रे ग प ध. भूप! मध्यम नाही, निषाद नाही. डबल डी मध्ये बँजो लावा आणि हे पाच स्वर शोधा (फ्रेट कॅपोपासून मोजा). सा म्हणजे दुसरी तार उघडी. रे पहिली तार उघडी. ग पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट. खालचा प तिसरी तार उघडी, खालचा ध तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट. वरचा प पाहिजे तर पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट, नाहीतर आखूड तार, ती तोच स्वर आहे. म्हणजे वरच्या पंचमापर्यंत फार तर दुसरा आणि पाचवा एवढेच फ्रेट लागले. भूप गळ्यात असेल तर ही ट्यून ऐकता ऐकता सापडते.

सापडते म्हणजे काय, ते नीट सांगतो. बँजो खाली ठेवा. एकच रेकॉर्डिंग निवडा, शक्यतो एक फिडल आणि एक बँजो एवढंच असलेलं, आणि ते ऐकत राहा. गाडीत, भांडी घासताना, कुठेही. ट्यून गुणगुणता आली पाहिजे, तीही रेकॉर्डिंग बंद असताना. ज्याला गुणगुणता येत नाही त्याने बँजोला हात लावू नये असं माझं मत आहे आणि शिकायला येणाऱ्यांना ते जाचक वाटतं. वाटू दे. मग पायाने ठेका धरून गा, आणि फक्त पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी कोणता स्वर तोंडात आहे तेवढा लक्षात ठेवा. एका भागाचे सोळा स्वर मिळतील. त्यातलेही कित्येक तेच ते असतात. शिवाय भागाची शेवटची ओळ बऱ्याचदा दोन्ही भागांत एकच असते, ती एकदा सुटली की दोन्हीकडे कामी येते.

हे सोळा स्वर म्हणजे हाडं. आता बँजो घ्या, प्रत्येक ‘बम’वर एकेक हाड ठेवा, आणि बाकी झटका आणि अंगठा. बस, ट्यून वाजली. ऐकायला उघडी वाटेल, पण ती जॅममध्ये चालते. चालते म्हणजे नुसती खपते असं नाही, लय पक्की असेल तर तिथे बसलेले जुने वादक खूश होतात. या सांगाड्यावर आठवडा घालवा, तो झोपेतही न मोडण्याइतका. मग जिथे फिडल खालून सरकत गंधारावर येते तिथे रिकाम्या जागेत हॅमर-ऑन टाका: उघडा रे वाजवा आणि लगेच दुसऱ्या फ्रेटवर बोट आपटा, झाला ग. ध वरून प वर उतरायचं तिथे पुल-ऑफ. एका आवर्तनात एवढी दोनच भर घाला. अंगठा आतल्या तारेवर टाकायची घाई करू नका. तो टाकला की चौथ्या भागावरची आखूड तार चुकते, आणि ती चुकली की लय लंगडते.

सरगमची सवय इतर ट्यून्सनाही लावून पाहा. ‘ओल्ड जो क्लार्क’मध्ये निषाद कोमल आहे, खमाजसारखा, ए च्या ट्यूनिंगमध्ये तो पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर मिळतो. ‘कोल्ड फ्रॉस्टी मॉर्निंग’ काफीच्या अंगाने जाते. पण इथेच एक धोका: आपल्या डोक्यात राग आला की विस्तार येतो, तान येते. ओल्ड-टाइममध्ये विस्ताराला जागा नाही. तीच ट्यून दहा-पंधरा वेळा फिरते आणि फरक पडतो तो राईएवढा. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांनी ब्लूग्रासकडे वळावं, त्यात काही कमीपणा नाही.

फिडलचा प्रत्येक सूर वाजवणारी क्लॉहॅमरची एक शाखा आहेच, मेलॉडिक म्हणतात. बँजोवादक केन पर्लमन यांनी ती फार वरच्या पातळीवर नेली. एकट्याने वाजवायला ती सुंदर आहे. जॅममध्ये मात्र फिडलवाला तो सूर आधीच वाजवतोय, तोच तुम्हीही वाजवलात तर भर काय पडली?

काय सोडावं हे शिकायला राउंड पीकच्या लोकांइतके चांगले शिक्षक नाहीत. हा नॉर्थ कॅरोलिनाच्या सरी काउंटीतला, व्हर्जिनियाच्या सीमेलगतचा टापू. टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) हे तिथले, फिडल आणि बँजो दोन्ही वाजवणारे. त्यांचे वडील बेन जॅरेल यांचं फिडल १९२७ च्या रेकॉर्डवर आहे, आणि टॉमी घरातच ऐकून तयार झाले. राज्याच्या महामार्ग खात्यात रस्त्याचं यंत्र चालवण्यात उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर देशभरातून पोरं त्यांच्या घरी येऊन बसायला लागली, आणि १९८२ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय वारसा सन्मान दिले गेले तेव्हा त्यांत त्यांचं नाव होतं. त्यांच्या फिडलबरोबर फ्रेड कॉकरम (१९०५–१९८०) यांचा बिनफ्रेटचा बँजो ऐका. आणि काइल क्रीड (१९१२–१९८२), जे स्वतः बँजो बनवायचे, त्यांचं वादन तर याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐका. ते कधी कधी ठोक्यावरचा सूरच गाळतात. ठोका फिडल देतेय, मग मी कशाला, असा हिशेब. एकच रेकॉर्डिंग दोनदा ऐका: एकदा फक्त बँजोकडे कान, एकदा फक्त फिडलकडे. बँजोने काय गाळलं याची यादी करा. मला विचाराल तर ही यादी कोणत्याही टॅबच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

मुळातलं फिडल ऐकायला पैसे लागत नाहीत. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे हेन्री रीड (१८८४–१९६८) यांचं वादन लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन जबूर यांनी १९६६–६७ मध्ये टेपवर घेतलं. ते सगळं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने इंटरनेटवर फुकट ठेवलंय. आज जॅममध्ये सर्रास वाजणारी ‘ओव्हर द वॉटरफॉल’ त्यांच्याकडूनच पसरली. जुन्या टेपांवर फिडल बऱ्याचदा आजच्या पट्टीत नसतं, अर्ध्या सुराने इकडे-तिकडे असतं, तेव्हा बँजो टेपशी जुळवून घ्या किंवा सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बदला. वेग पाऊणपट करून ऐकायलाही हरकत नाही. त्याहून हळू करू नका, गजाचा झोका हरवतो आणि नुसते सुटे सूर उरतात. वेस्ट व्हर्जिनियाचे फिडलवादक एडन हॅमन्स यांच्यासारख्यांच्या ट्यून्स सुरुवातीला बाजूला ठेवा. त्यांच्यात मधेच ठोका वाढतो नाहीतर गळतो, चौसष्टचा हिशेब लागत नाही. फार सुंदर आहेत, पण पुढच्या वर्षी.

जॅमबद्दल. गावाकडच्या भजनी मंडळात नवा माणूस पहिल्या दिवशी अभंग उचलत नाही, टाळ धरून कडेला बसतो, तसंच करा. अनोळखी ट्यून सुरू झाली की डाव्या हाताने तारा हलक्या दाबून, सूर न उमटवता, नुसता बम-डि-टी वाजवा. पहिली दोन आवर्तनं नुसती ऐका, तिसऱ्यात भागांचे शेवट पकडा, कारण शेवट बहुधा सा वर येतो आणि तो तुम्हाला माहीत आहे. मग हळूहळू मागे सरकत हाडं गोळा करा. दहा आवर्तनं म्हणजे सहा मिनिटं, एवढ्यात बऱ्याच ट्यून्सचा सांगाडा हाती लागतो. फिडलवाल्याच्या समोर बसा, त्याच्या उजव्या कोपराकडे बघता येईल असं. तिथे आधीच दोन बँजो असतील तर आवाज अगदी खाली ठेवा, दोन बँजो एका फिडलला जड होतात. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, कोणी नाही म्हणत नाही. लोक ट्यूनिंग करत असताना मधे मधे टिकटिक वाजवत बसू नका, याचा राग मात्र येतो. आणि सुरू करणाऱ्याने पाय हवेत उचलला की ते शेवटचं आवर्तन.

जॅममध्ये एकच पट्टी तास-दीड तास चालते, कारण ती बदलली की सगळ्या बँजोंना ट्यूनिंग बदलावं लागतं. फिडलवालेही ए साठी आणि डी साठी तारा वेगळ्या जुळवतात. याचा फायदा घ्या. पुढच्या जॅमला ए आधी असणार हे माहीत असेल तर महिनाभर ए मधल्याच ट्यून्स ऐका: ‘क्रिपल क्रीक’, ‘ओल्ड जो क्लार्क’, ‘जून ॲपल’. मग डी मध्ये ‘एंजेलीन’ झाल्यावर ‘सोल्जर्स जॉय’ आणि ‘मिसिसिपी सॉयर’. जी मध्ये ‘सेनेका स्क्वेअर डान्स’ आणि ‘बिग सायोटा’.

राहिला तुमचा शेवटचा छोटा प्रश्न: कॅपो लावला की आखूड तार बेसूर होते, काय करायचं. कॅपो तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती वेगळी चढवावी लागते. खुंटी पिळून दोन अर्धस्वर वर नेता येते, पण जुनी तार तुटण्याची भीती असते. चांगल्या कारागिराकडून सातव्या फ्रेटपाशी एक बारीक खिळा ठोकून घ्या, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांना असतो तसला. तार त्याखाली अडकवली की जी चा ए झाला. नवव्या फ्रेटलाही एक लगेच मारून घ्या, बी ही पट्टी लागली की उपयोगी पडतो, आणि कारागीर दोन्हीचे पैसे जवळपास सारखेच घेतो.